पळता पळता दफनभूमी लागली तर...



थंडी पडू लागली की आपल्या मंडळातील पळणाऱ्यांना पालवी फुटते. जून ते सप्टेंबर जी मंडळी गाडीपासून लिफ्टपर्यंत चालायलाही कुरकुरतात, तीच नोव्हेंबर उजाडताच शुक्रवारी पहाटे साडेपाचला बुटांच्या नाड्या बांधून हजर होतात. फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार हा २०१२ पासून येथे राष्ट्रीय क्रीडा दिन आहे आणि त्या दिवशी सुट्टीही असते, त्यामुळे या उत्साहाला सरकारी पाठबळ आहे. आजवर तो कॉर्निशवर नाहीतर अस्पायर पार्कात जिरत असे. यंदा मात्र अबू हमूर आणि ऐन खालिद भागातल्या कुटुंबांनी रास्त तक्रार केली की दर वेळी आम्हीच का लांब यायचे? म्हणून त्यांच्या बाजूचा सहा किलोमीटरचा एक फेरा आखला गेला. कागदावर तो उत्तम दिसतो. अडचण एवढीच की वाटेत दफनभूमी आहे, आणि रहदारीचा रस्ता टाळायचा तर तिच्या आतूनच जावे, अशी एका उत्साही सभासदाची सूचना आहे.

सूचना आली आणि गटात तीन तट पडले. पहिला तट म्हणतो, सकाळच्या प्रहरी मसणातून कशाला जायचे? घरी देवपूजा व्हायची असते. दुसरा तट म्हणतो, असली भीती बाळगणे ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. उलट मुद्दाम आतूनच जायला हवे. तिसऱ्या तटाला भूतही दिसत नाही आणि देवही दिसत नाही, फक्त पोलीस दिसतो: कोणी पकडले तर नोकरीचे काय होईल, एवढाच त्यांचा प्रश्न. माझे मत कोणी विचारलेले नाही. पण मी या गटात पळते आणि मंडळाच्या मदतीच्या कामातही असते, तेव्हा संपादकांनी दिलेली ही दोन पाने वापरून ते सांगून टाकते. आतून जाऊ नये. मात्र पहिल्या तटाच्या कारणासाठी नव्हे, आणि तिसऱ्या तटाच्या कारणासाठी तर मुळीच नव्हे.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत मसणाचा उपयोग मुख्यत्वे दुसऱ्याला तिकडे पाठवण्यासाठी होतो. ‘मसणात जा’ हे आपल्याकडचे घरगुती आशीर्वचन. म्हातारपणाविषयी बोलायचे तर ‘याच्या गोवऱ्या मसणात गेल्या’. (कोल्हापूरकर हे शब्दशः खरे करतात. होळी लहान करून वाचलेल्या शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान द्या, अशी मोहीम तिकडे चालते आणि लोक हौसेने देतात. ज्या गावाने आपल्या गोवऱ्या आधीच मसणात पाठवल्या, त्याला कोण काय बोलणार!) म्हणजे विनोद आपल्याला परका नाही. पण हा सगळा विनोद लांबून करायचा. प्रत्यक्ष जागेवर जायचे ते खांदा द्यायला, आणि परतल्यावर आधी आंघोळ, मग बाकीचे. निघताना एरवी आपण चुकूनही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मर्तिकाच्या घरून मात्र ‘येतो’ म्हणायचे नाही. नुसते उठायचे आणि चालू लागायचे. एका क्रियापदात आपल्या लोकांनी केवढा शिष्टाचार भरून ठेवला आहे! आणि बायकांसाठी तर नियम आणखी सोपा होता, त्यांनी जायचेच नाही. माझ्या आजीने आयुष्यभरात स्मशान आतून पाहिले नाही. आता मुली अग्नी देतात, पण सवयीने आलेला संकोच एका पिढीत जात नाही.

तेव्हा पहिल्या तटाला मी हसणार नाही. त्यांच्या संकोचाखाली भीती आहे तशी अदबही आहे. फक्त त्या दोहोंची त्यांनी गल्लत केली आहे एवढेच.

दुसऱ्या तटाशी माझे बरेच जमते, आणि म्हणून थोडे भांडणही आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम १९८९ पासून चालू आहे, आणि अमावास्येच्या रात्री स्मशानात कार्यक्रम घेऊन समितीने कित्येकांची भीती घालवली. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः कबड्डीचे नामवंत खेळाडू होते, त्यांना पळापळीचे वावडे असण्याचे कारण नव्हते. पण ते कार्यक्रम आपल्या गावच्या, आपल्या लोकांच्या स्मशानात होतात. आपल्या घरातली भीती घालवायला आपण आपल्या घरात दिवा लावतो. शेजाऱ्याच्या माजघरात जाऊन नव्हे.

जाता जाता माझ्या विषयाचा एक मुद्दा. दुसऱ्या तटातले लोक हटकून सांगतात की स्मशानात दिसणारे भुताचे दिवे म्हणजे हाडांतला फॉस्फरस पेटतो. भूत नाही हे मान्य. पण हाडांतला फॉस्फरस हा कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असतो, म्हणजे तो आधीच पुरता ऑक्सिजनशी जोडलेला असतो आणि पुन्हा पेटत नाही. पेटतो तो पांढरा फॉस्फरस, तोही हवेत तिशीच्या आसपासच्या तापमानाला. तसला फॉस्फरस हाडांत असता तर जुलैच्या दुपारी कॉर्निशवर आपण सगळेच भडकलो असतो. कुजण्यातून निघणाऱ्या काही वायूंबद्दल तर्क आहेत, पण त्या दिव्यांचा सर्वांना पटलेला उलगडा अजून झालेला नाही. भुताला उत्तर द्यायचे तर नीट द्यावे, नाहीतर आपली ती एक नवी पोथी होते. आणि एक नोंद त्याच तटासाठी. चाचणी म्हणून आम्ही काही जण भिंतीच्या बाहेरून एकदा तो फेरा पळून आलो. घड्याळांतल्या नोंदी मी मागून घेतल्या. सर्वांचा सर्वात जलद किलोमीटर कोणता असेल ते सांगायला नको. नावे गुप्त ठेवण्याचे मी वचन दिले आहे, पण ‘मला काही वाटत नाही’ असे सर्वात मोठ्याने म्हणणारा गडी सर्वात पुढे होता.

आता ज्यांना वाटते की पळणे आणि मरणे या दोन गोष्टी मराठी माणसाने कधी शेजारी ठेवल्या नाहीत, त्यांनी दादरचे शिवाजी पार्क आठवावे. १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुले झाले. त्याभोवतीचा कट्टा एक किलोमीटरहून थोडा अधिक भरतो, आणि पहाटेपासून त्यावरून आणि त्याशेजारून माणसे चालतात, पळतात, बसून भांडतात. पलीकडे समुद्राच्या अंगाला हाकेच्या अंतरावर स्मशानभूमी आहे, भागोजीशेठ कीर यांच्या दानातून उभी राहिलेली. तेथेच चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांवर तेथे अंत्यसंस्कार झाले. कितीतरी पिढ्या या मैदानावर खेळल्या, आणि वाऱ्याची दिशा बदलली की चितेचा वास मैदानापर्यंत येतो हे त्यांना ठाऊक असते. कोणी खेळ थांबवत नाही आणि कोणी हसतही नाही.

पण नियम नाहीत असे समजू नका. ते लिहिलेले नाहीत, एवढेच. ६ डिसेंबरला लाखो लोक चैत्यभूमीकडे येतात, मैदानावर मंडप पडतात, त्या दिवशी पळणारा आपणहून दुसरीकडे जातो. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांच्यावर तर मैदानातच अंत्यसंस्कार झाले. त्या दिवसापुरते मैदानच स्मशान झाले, आणि नंतर पुन्हा मैदान झाले. मागाहून स्मारकाचा विषय निघाला तेव्हा मैदान खेळासाठीच राहू द्या असे म्हणणारेही पुढे आले, आणि ते काही दिवंगतांचा अपमान करायला निघालेले नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये रमाकांत आचरेकर सर गेले. सचिन तेंडुलकरला घडवणाऱ्या या गुरूला पार्कावर पोरांनी बॅटी उंचावून निरोप दिला, आणि तेथून त्यांना शेजारच्या स्मशानभूमीत नेले. खेळाच्या कपड्यात मयताला जाणे अशोभनीय, असे त्या दिवशी कोणाच्या मनातही आले नसेल. तो वेश हीच त्यांची अदब होती.

म्हणजे प्रश्न पळण्याचा नाही. जागा कोणाची, तिथे दुःखात कोण उभे आहे, आणि ते आपल्याला ओळखतात का, हे प्रश्न आहेत. शिवाजी पार्कवर मयताला आलेल्या माणसाला पळणारा पोरगा ठाऊक असतो. बहुधा तो स्वतःच काल तिथे पळत असतो.

जगात इतरत्रही या गोष्टी ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवल्या आहेत. कोपनहेगनच्या असिस्टेन्स दफनभूमीत लोक पळतात, गवतावर ऊन खात पडतात. तिथे परीकथा लिहिणारे अँडरसन आहेत, आणि आमच्या बिरादरीचे म्हणाल तर ॲल्युमिनियम प्रथम वेगळे करणारे ओर्स्टेड आणि अणूचे नील्स बोर. मेल्यावरही शेजारातून कोणी धापा टाकत जावे, अशी सोय शास्त्रज्ञांना मिळणे मला तर बरे वाटते. अमेरिकेत मात्र एकाच देशात दोन तऱ्हा. बॉस्टनजवळचे माउंट ऑबर्न, १८३१ चे, बागेसारखे सुंदर, पण तिथे पळायला बंदी. वॉशिंग्टनमधील काँग्रेशनल सेमेटरीत याच्या उलट. ती जागा दुर्लक्षाने उजाड झाली होती; कुत्री फिरवायला येणाऱ्या लोकांनी वर्गणी भरून ती सावरली, आणि आता तिथे मेलेल्या माणसाच्या नावाने पाच किलोमीटरची शर्यतही होते. वेषांतर करून लोक पळतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण निर्णय तिथल्या राखणदारांनी घेतला आणि जमणारा पैसा त्याच जागेच्या डागडुजीला लागतो. आपल्यासारख्या पाहुण्यांनी नव्हे.

आता आपल्या फेऱ्याकडे. इथल्या दफनभूमीत संगमरवरी पुतळे नाहीत, सावलीची झाडे नाहीत, बाकडी नाहीत. साधी माती, जमिनीलगतची थडगी, डोक्याशी एखादा दगड. राजा असो की रंगारी, थडगे तसलेच, हा इथल्या धर्मविचाराचा आग्रह आहे. त्याचा परिणाम असा की कुठे वाट संपली आणि कुठे कोणी निजले आहे हे परक्याला पळता पळता कळणारच नाही. आणि थडग्यावर बसू नये, ते तुडवू नये, याबद्दल त्यांच्या हदीसमध्ये स्पष्ट ताकीद आहे. आत शिरताना तिथल्या रहिवाशांना सलाम करायचा असतो, जणू मोहल्ल्यात शिरलो. सलाम करायचा तर थांबावे लागते. किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या वेगाने सलाम होत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या दोन्ही तटांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ही दफनभूमी ‘त्यांची’ आहे असे आपण सरसकट म्हणतो. रत्नागिरी, रायगडातून आखातात आलेल्या आपल्या कोकणी मुसलमान बांधवांचे काय? त्यांच्यापैकी कोणी येथे वारले तर पुष्कळदा दफन येथेच होते. त्या भिंतीपलीकडच्या एखाद्या निनावी दगडाखाली असा माणूस असेल, ज्याने आयुष्यभर आपल्यासारखीच गणपतीच्या सुमारास गावच्या पावसाची चौकशी केली असेल. तिथून पळायचे की नाही, हे एवढ्यावरून ठरायला हरकत नव्हती.

तेव्हा फेरा ठेवावा आणि भिंतीबाहेरून न्यावा, असे माझे म्हणणे. लांबी पाच-सहाशे मीटरने वाढेल, ती आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटांना मानवेल. बाहेरूनही काही पथ्ये आहेतच. फाटकाजवळ गाड्या लागलेल्या दिसल्या तर पळणे थांबवून चालावे, आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने. कानातली गाणी काढावी. पलीकडच्याला ती ऐकू जात नसली तरी आपल्या चेहऱ्यावर ती दिसतात. मोठ्याने ‘चला चला, अजून दोनच राहिले!’ असे ओरडू नये, विशेषतः तिथे. उघड्या मांड्यांचे कपडे इतर कुठे चालतील, इथे नकोत, आणि हे बायकांइतकेच पुरुषांना सांगते आहे. फोटो तर नकोच नको. जनाजा समोर आला तर उभे राहावे. हे काही परके नाही. गावी अंत्ययात्रा दिसली की आपले वडील वाटेच्या कडेला थांबून, चपला काढून हात जोडत असत. त्यांच्याकडेही हेच सांगितले आहे: एका यहुद्याची अंत्ययात्रा जाताना पैगंबर उठून उभे राहिले, तो आपला नव्हे असे कोणी म्हटले, तर तोही जीवच होता, अशा अर्थाचे त्यांनी उत्तर दिले, अशी हदीस आहे. दोन्हीकडचे वडीलधारे एकाच वाटेला थांबलेले दिसतात.

तिसऱ्या तटाला एवढेच सांगते, की पोलिसाच्या भीतीने पाळलेली अदब फार दिवस टिकत नाही. रस्त्यावर पोलीस नसला की ती गळून पडते. आपल्या मुलांना आपण ‘इथे असे करू नकोस, पकडतील’ असे सांगून वाढवले तर त्यांना फक्त पकडणारा माणूस ओळखता येईल.

आणि मुलांचा विषय निघालाच आहे. खरे तर हा लेखप्रपंच त्यासाठीच. कतारमध्ये हिंदू माणसाचे दहन होत नाही. आपल्यातले कोणी गेले की मृत्यूचा दाखला, वकिलातीचे ना-हरकत पत्र, पासपोर्ट रद्द करणे, शवलेपन, विमानाच्या कार्गोत जागा, अशी कागदांची रांग लागते. इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरमचे लोक आणि आपल्यासारखी मंडळे त्या रांगेत उभी राहतात. मीही काही वेळा उभी राहिले आहे. दोन-चार दिवसांत पेटी विमानात चढते, आणि येथे उरतात ते एक रिकामे घर, एक अर्धी भरलेली शाळेची फी आणि विमानतळावरून परतणारे आम्ही. गावी चिता पेटते तेव्हा येथली मुले शाळेत असतात. त्यांच्या लेखी माणूस मरत नाही, तो वन-वे तिकिटावर जातो.

आपल्या पूर्वजांनी ‘स्मशानवैराग्य’ असा एक खट्याळ शब्द करून ठेवला आहे. चितेपाशी उभे असताना वाटणारे वैराग्य, जे आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जाते. आपल्याला तेवढेही लाभत नाही. आपले वैराग्य विमानतळाच्या कार्गो विभागात येते आणि पार्किंगच्या फाटकाशी संपते. त्यातून काहींच्या बाबतीत एक बरी गोष्ट होते. चाळिशीतला मित्र हृदयविकाराने गेला की पुढच्या शुक्रवारी आपल्या गटात दोन-तीन नवे चेहरे नवे बूट घालून येतात. कोणी कारण विचारत नाही, त्यांनाही ते सांगायचे नसते. पहिल्या किलोमीटरला धाप लागते, आणि मग कोणीतरी गोवऱ्यांचा जुना विनोद करतो. तो विनोद मला आवडतो, कारण करणारा आणि ऐकणारा दोघेही स्वतःच्याच गोवऱ्या मोजत असतात. दुसऱ्याच्या थडग्याकडे बोट दाखवून केलेला विनोद वेगळा. तो आपल्या गटात व्हायला नको.

म्हणून माझी एक सूचना, आणि ती पळण्याच्या मार्गापेक्षा मला महत्त्वाची वाटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना मॉलबरोबर एकदा स्मशानभूमीही दाखवा. मुंबईत असाल तर पहाटे शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारायला न्या, आणि मग पलीकडे धूर दिसतो तो कसला हे विचारू द्या. कोल्हापुरात असाल तर शेणी रचून ठेवलेल्या पाहू द्या. आत जायलाच हवे असे नाही. मुलींनाही न्या. आजीने पाहिले नाही म्हणून नातीने पाहायचे नाही, असा नियम आता कोणी धरणार नाही, आणि धरला तर त्याच्याशी मी बोलेन. तिथून परतताना काय म्हणतात आणि काय म्हणत नाहीत, हे त्यांना एकदा घरच्यांच्या तोंडून कळू द्या. नाहीतर ते त्यांना आम्ही मदतीच्या कामातली माणसे सांगणार, आणि तेही विमानतळावर.

येत्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला अबू हमूरच्या फेऱ्याला जायचे आहे. भिंतीबाहेरून. पाण्याची बाटली ज्याने त्याने आणावी, कानातली यंत्रे घरी ठेवावी. परतल्यावर उपमा आणि चहा आहे. आंघोळ आधी करायची की नंतर, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण उपमा गरम असेपर्यंतच पुरेल.